शून्याची कळ नसलेल्या यंत्रात शून्य छापतं कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण तुम्ही दिलेला आकडा फार बोलका आहे. तुमच्याकडे बाजूंना काचा असलेलं, नऊ स्तंभांचं, हँडल ओढून चालणारं बरोज बेरीजयंत्र आहे. ८०,०००.०४ ही रक्कम घातली की कागदावर ‘८०’ उमटतं, मग चार घरं कोरी राहतात आणि शेवटी एकटा ‘४’ येतो. ७६,५४३.२१ मात्र स्वच्छ उमटतं. बेरीज दर वेळी बरोबर निघते, हातचाही नीट जातो. कुणी तुम्हाला रिबन बदलायला सांगितलं, कुणी टाइप पिनेनं कोरायला सांगितलं. आणि तुम्ही विचारताय की या यंत्राला शून्याची कळच नाही, तर शून्य छापतं कोण आणि मधेच गळतं का?

आधी दोन गोष्टी. रिबन बदलू नका आणि टाइपला पिन तर मुळीच लावू नका. ७६,५४३.२१ स्वच्छ उमटतं याचा अर्थ सातही स्तंभांतल्या हातोड्या जोरात मारतायत, रिबनला शाई आहे आणि रोलर अजून दगड झालेला नाही. रिबन किंवा रोलरमध्ये दोष असता तर तो सगळ्या अंकांवर दिसला असता. तुमचा खरा प्रश्न असा आहे की पाचव्या स्तंभापासून (मी स्तंभ नेहमी उजवीकडून मोजतो) पुढच्या हातोड्यांपर्यंत ‘आता मारा’ हा निरोप का पोचत नाही.

मी मुंबईत फोर्टमध्ये कार्यालयीन यंत्रांच्या दुरुस्तीत आयुष्य काढलं. टाइपरायटर हे रोजचं काम, बेरीजयंत्र अधूनमधून. शिकाऊ मुलांची सगळ्यात मोठी अडचण हीच असायची की ते टाइपरायटरचं डोकं घेऊन बेरीजयंत्राकडे बघायचे. टाइपरायटरमध्ये कळ दाबली की त्याच बोटाच्या जोरावर टाइप उठतो आणि कागदावर आपटतो. बेरीजयंत्रात कळ काहीच छापत नाही. ती फक्त एक अडसर लावते.

काचेतून आत बघा. प्रत्येक स्तंभाला एक लांबट सेक्टर आहे, तराजूच्या दांडीसारखा मध्ये खिळलेला. त्याच्या पुढच्या टोकाला दात आहेत आणि मागच्या टोकाला ० ते ९ असे टाइप एकाखाली एक बसवलेले आहेत. तुम्ही ८ ची कळ दाबता तेव्हा एक तार सरकते आणि तिचं टोक त्या सेक्टरच्या वाटेत, बरोबर आठ दातांच्या अंतरावर, येऊन थांबतं. शिवाय त्या स्तंभाला शून्यावर धरून ठेवणारा खटका सुटतो. आता हँडल ओढा. सेक्टरचं पुढचं टोक खाली उतरतं आणि तारेला टेकतं. मागचं टोक तेवढंच वर चढतं आणि ८ चा टाइप छपाईच्या रेषेवर येतो. ज्या स्तंभात कळ दाबलेली नाही, तिथला सेक्टर खटक्यात अडकलेलाच राहतो आणि त्याच्या मागच्या टोकाला रेषेवर ० असतो. हँडल पूर्ण पुढे आलं की हातोड्या सुटतात, टाइपच्या पाठीवर बसतात आणि रिबनमधून कागदावर ओळ उमटते. मग हँडल परत जायला लागतं, मोजणारी चाकं सेक्टरच्या दातांत गुंततात आणि सेक्टर शून्याकडे परतताना आपलं चाक आठ दात फिरवतो. म्हणजे पुढे जाताना छपाई आणि परत येताना बेरीज.

ही रचना मला आजही फार आवडते. विल्यम सीवर्ड बरोज स्वतः बँकेत कारकून होता. त्याने सेंट लुईसला असताना १८८५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८८८ मध्ये त्याला पेटंटं मिळाली. त्याच काळात डॉर फेल्टचं कॉम्प्टोमीटर आलं. ते भराभर बेरीज करायचं, पण हाती कागद द्यायचं नाही. एखादी रक्कम चुकीची दाबली गेली तर नंतर ती शोधणार कुठे? शेवटची बेरीज जुळत नाही एवढंच कळणार आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. फेल्टनेही ही उणीव ओळखली आणि १८८९ मध्ये छापणारं कॉम्प्टोग्राफ बाजारात आणलं. बरोजच्या यंत्रात अंक मोजायला आणि छापायला एकच दांडा आहे, तो सेक्टर. तो आठ दात उतरला की आठच छापला जाणार आणि आठच मिळवला जाणार. छापलेला अंक एक आणि मोजलेला दुसरा, असं होण्याला वावच ठेवलेला नाही. बँकेला पट्टीवर विसंबता आलं ते यामुळेच.

पण एक गोष्ट या दांड्याच्या बाहेर राहते, आणि तुमचा दोष नेमका तिथे आहे. कोणता अंक रेषेवर यावा हे सेक्टर ठरवतो. तो अंक कागदावर उमटावा की नाही हे मात्र हातोडी ठरवते, आणि हातोड्यांचा कारभार वेगळा चालतो. म्हणून यंत्र अचूक मोजत असतानाही अपुरं छापू शकतं. तुमच्या कोऱ्या चार घरांत टाइप रेषेवर आहेत, शून्यच दाखवतायत, पण त्यांच्या पाठीवर हातोडी बसलेलीच नाही.

आता शून्याकडे येऊ. नऊ स्तंभ, एकूण ८१ कळा, प्रत्येक स्तंभात १ ते ९. नुसता ४ दाबून हँडल ओढलं तर उरलेल्या आठही स्तंभांत रेषेवर ० उभा असतो. सगळ्या हातोड्या पडल्या तर ००००००००४ च्या थाटाचा आकडा उमटेल. ते नको. पण ८०,०००.०४ मधली शून्यं तर हवीतच. कारकुनाला नियम साधा वाटतो: डावीकडून पहिला खरा अंक येईपर्यंत कोरं ठेवा, त्यानंतर सगळं छापा. हा नियम पत्र्याच्या तुकड्यांना शिकवायचा कसा?

प्रत्येक हातोडी एका खटक्याने अडवून धरलेली असते. सेक्टर शून्यावरून हलला की त्या स्तंभाचा खटका सुटतो. आणि प्रत्येक खटक्याला एक वाकवलेला कान असतो, तो उजवीकडच्या शेजारी खटक्यावर टेकलेला असतो. त्यामुळे सातव्या स्तंभाचा खटका सुटला की त्याचा कान सहाव्याला सोडवतो, सहावा पाचव्याला, असं करत थेट पहिल्यापर्यंत. डावीकडचे आठवा आणि नववा जागचे हलत नाहीत, कारण कान एकाच बाजूला आहे. बेरजेतला हातचा उजवीकडून डावीकडे जातो, हा शून्याचा निरोप डावीकडून उजवीकडे जातो. दोन्ही प्रवाह एकाच यंत्रात, एकमेकांच्या वाटेत न येता चालतात.

इथे एक शंका येते, बहुतेकांना येते: खटका कळ दाबल्यामुळे सुटतो की सेक्टर हलल्यामुळे? बेरीज काढताना काय होतं ते आठवा, उत्तर तिथेच आहे. बेरजेची कळ धरून हँडल ओढता तेव्हा अंकांची एकही कळ दाबलेली नसते. त्या वेळी मोजणारी चाकं आधीपासूनच दातांत गुंतलेली असतात. सेक्टर उतरताना चाकं उलटी फिरवतो आणि चाक शून्यावर अडलं की तोही थांबतो. चाकात ७ साठलेले असतील तर सेक्टर सातच दात उतरणार आणि मागे ७ चा टाइप रेषेवर येणार. शेजारी तारा छापला जातो, म्हणजे ही बेरीज आहे हे कळतं. कळा दाबलेल्या नसतानाही बेरजेतली मधली शून्यं बरोबर उमटतात. म्हणजे साखळी ऐकते ती सेक्टरचं. (जुन्या यंत्रांत बेरजेआधी एक रिकामं हँडल मारावं लागतं, शेवटचा हातचा पूर्ण व्हावा म्हणून. तुम्ही ते करत असालच, नाहीतर बेरजा जुळल्या नसत्या.)

हे सगळं तुमच्या आकड्याला लावून बघा. सातव्यात ८, तो उमटला. सहाव्यातलं शून्य उमटलं, म्हणजे सातव्याचा कान सहाव्यापर्यंत पोचतोय. पाचव्यापासून दुसऱ्यापर्यंत कोरं. पहिल्यातला ४ उमटला, कारण त्याचा सेक्टर स्वतःच हलला होता, त्याला शेजाऱ्याच्या निरोपाची गरज नव्हती. साखळी सहाव्या आणि पाचव्या स्तंभाच्या मध्ये तुटलेली आहे. फक्त तिथेच. खात्री करायची असेल तर ४०.०६ घाला. चौथ्यातला ४ आणि पुढची दोन्ही शून्यं सरळ उमटतील, कारण तो सगळा भाग तुटलेल्या जागेच्या उजवीकडे आहे. मग फक्त नवव्या स्तंभात ८ दाबून बघा. ‘८०००’ उमटून पुढे कोरं राहील. असं झालं नाही तर माझं निदान चुकलं, आणि ती पट्टी मला बघायला आवडेल.

साखळी तुटलेली आहे इथपर्यंत मी ठामपणे सांगतो. का तुटली, हे मात्र यंत्र समोर असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. ती कुणीतरी मुद्दाम तोडलेली असू शकते.

ऐकून नवल वाटेल, पण पुष्कळ ग्राहक असंच मागायचे. समजा डावीकडच्या चार स्तंभांत व्हाउचरचा क्रमांक छापायचा आणि उजवीकडच्या पाचांत रक्कम, जास्तीत जास्त ९९९.९९. साखळी सलग असेल तर ‘२१३७’ हा क्रमांक आणि ‘४.५०’ ही रक्कम मिळून २१३७००४५० असा एकच सलग आकडा उमटेल. साखळी मधे तोडली की २१३७, मग दोन कोरी घरं, मग ४५०. वाचणाऱ्याला दोन वेगळे रकाने दिसतात. तुमची तुटलेली जागा सहा आणि पाचच्या मध्ये पडतेय, म्हणजे नेमके चार आणि पाच स्तंभ. म्हणून मला हाच संशय जास्त येतो. काही यंत्रांत ही विभागणी चालू-बंद करायला बाहेर एक खटका असतो, काहींत आतला एक तुकडाच वेगळा बसवलेला असतो. कळांचे रंगही बघा. एरवी पैशांचे दोन स्तंभ आणि मग तीन-तीनचे गट असे रंग बदलतात. तुमच्याकडे रंग फक्त पाचव्या-सहाव्याच्याच मध्ये बदलत असेल तर ती मोठी खूण आहे. तुमचा हातचा पाचव्यातून सहाव्यात जातोय, म्हणजे मोजणारी चाकं सलग आहेत आणि विभागणी असलीच तर ती फक्त छपाईची आहे.

ही युक्ती इतकी कामाची होती की पुढे पंचकार्डांच्या, म्हणजे छिद्रं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या, यंत्रांतही ती टिकली. आयबीएमचं ४०५ हे १९३४ चं हिशेबयंत्र. त्यात ८८ टाइपदांडे होते, त्यांपैकी डावीकडचे ४३ अक्षरं आणि अंक दोन्ही छापणारे, उजवीकडचे ४५ फक्त अंकांचे. तिथे कळ नाही आणि तारही नाही. कार्ड ज्या कडेला ९ च्या छिद्रांची ओळ असते त्या कडेकडून आत जातं, त्याच तालात टाइपदांडा वर चढतो आणि छिद्रातून विजेचा ठोका आला की जागच्या जागी अडकतो. बरोजमध्ये जे काम तार करते ते इथे विद्युतचुंबक करतो. पण शून्याचा प्रश्न तोच, आणि त्याला उत्तरही तेच: हातोड्यांची साखळी आणि ती हवी तिथे तोडायला हॅमरस्प्लिट नावाचे छोटे लिव्हर. एका ओळीत पाच-सहा रकाने छापायचे तर प्रत्येक रकान्याच्या शेवटी लिव्हर लावायचा. १९४९ च्या ४०७ यंत्रात टाइपदांडे जाऊन १२० टाइपचाकं आली, तेव्हा ओळीची घडणच बदलली.

तुमच्या यंत्राकडे परत येतो. मुद्दाम केलेली विभागणी आणि बिघाड यांत फरक ओळखायचा सोपा उपाय आहे. नऊपैकी सातव्या स्तंभात ८ दाबा, रिपीटची कळ असेल तर ती लावा आणि तोच आकडा सलग वीस वेळा छापा. घाई करू नका, हँडलला आपल्या चालीने जाऊ द्या. आत तेलाचा दट्ट्या आहे, तो चाल आवरतो. बरोजच्या सुरुवातीच्या यंत्रांत हीच अडचण होती, हँडल झटक्याने ओढलं की आकडे चुकायचे, म्हणून त्याने तो दट्ट्या बसवला. वीसच्या वीस ओळींत तुटकी जागा एकसारखी आली तर ती विभागणी आहे असं समजा, किंवा कान पार मोडला आहे. विसांत दोन-तीन ओळींमध्ये जरी शून्यं पूर्ण उमटली, तर तिथे चिकटा किंवा झीज आहे.

चिकट्याचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका पेढीतून यंत्र आलं होतं. चिठ्ठी होती, ‘सकाळी शून्य खातं, दुपारी सुधारतं’. डिसेंबर होता. माझ्याकडे मुंबईत ते दिवसभर ठणठणीत चाललं, शून्यन् शून्य उमटलं. मी परत पाठवलं. आठवड्यात पुन्हा माझ्या टेबलावर. मग मी रोलरची गाडी उचलून हातोड्यांच्या खटक्यांजवळ नाक नेलं आणि वास आला खोबरेल तेलाचा! कुणीतरी प्रेमाने घातलं होतं. पुण्याच्या गारठ्यात ते सकाळी थिजायचं, खटका जागीच धरून ठेवायचं आणि ऊन वर आलं की सोडायचं. मुंबईत ते थिजतच नव्हतं, म्हणून मला दोष दिसत नव्हता. पांढऱ्या पेट्रोलने सगळी रांग धुतली, दोन कानांच्या मधला पिवळा थर लाकडी काडीने काढला, आणि ते यंत्र परत कधी आलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही बेरीजयंत्राचं पहिलं निदान वासाने करतो.

तुमच्याकडे चिकटा निघाला तर तसंच करा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास दिवा-काडी नको. पांढरं पेट्रोल मऊ ब्रशने फक्त खटक्यांच्या रांगेला लावा, फवारा मारू नका. फवाऱ्याने सुटलेली घाण खाली जाऊन हातच्याच्या खटक्यांत बसते आणि मग चांगली चालणारी बेरीजही बिघडते. धुऊन झाल्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढं शिलाई मशीनचं तेल खटक्याच्या खिळीला द्या. कान जिथे शेजाऱ्यावर टेकतो ती जागा कोरडीच ठेवा. दट्ट्याचं नळकांडं उघडू नका, त्याचा या दोषाशी संबंध नाही.

कान वाकलेला दिसला तर हात आवरा. आधी त्याच्या डावी-उजवीकडच्या कानांचा फोटो काढा आणि सहाव्याचा कान त्यांच्याशी ताडून पाहा. कान किती टेकायला हवा हे बाजूच्या कानांइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. वाकवायचाच झाला तर दोन चिमट्यांनी, एकाने मूळ धरून, केसभर. जास्त वाकवला तर पाचवा खटका कायमचा सुटा राहील आणि प्रत्येक छोट्या रकमेपुढे नको असलेली शून्यं उमटायला लागतील. खटक्याच्या धारेला कानस कधीही लावू नका. ती धार कडक केलेली असते, वरचा थर गेला की महिन्याभरात गोल होते.

एक गोष्ट धरून चाललोय, ती तपासा: तुमच्या यंत्राचे सगळे स्तंभ ९ पर्यंतचेच आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधीची रुपये-आणे-पैची यंत्रंही माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांत पैच्या स्तंभात १० आणि ११ हे दोन अंकी आकडे एकेका टाइपवर दाटून कोरलेले असत, आणि स्तंभ मोजायची माझी वरची पद्धत तिथे चालत नाही. तुम्ही पैसे .०४ असे लिहिलेत म्हणून मी दशमान धरलं.

म्हणजे क्रम असा: ४०.०६ आणि नवव्यातला ८ घालून तुटलेली जागा पक्की करा, मग कळांचे रंग आणि बाहेरचा खटका बघा, मग वीस ओळींची पट्टी काढा, आणि त्यानंतरच गाडी उचलून आत हात घाला. मुद्दाम केलेली विभागणी निघाली तर माझा सल्ला आहे की ती तशीच राहू द्या. ते यंत्र कुठल्या टेबलावर, कशासाठी चालत होतं, याची तेवढीच एक खूण त्याच्यात उरली आहे. मोठ्या रकमा छापायच्या असतील तर मधल्या कोऱ्या घरांमुळे ते वापरू नका, त्यात पेनने कुणीही अंक भरू शकतो.

आणि पट्टीचा फोटो टाकाल तेव्हा वीसही ओळी येऊ द्या. कोणत्या ओळीत शून्य उमटलं, सुरुवातीच्या की शेवटच्या, यावरून चिकटा आहे की झीज हे सांगता येईल. सुरुवातीला गळून नंतर सुधारत गेलं तर चिकटा. अधूनमधून, कुठेही गळत असेल तर कान झिजलेला.